देवळालीच्या तापावर विलायती उतारा

हॅलिफॅक्स, यॉर्कशायर
चैत्र वद्य षष्ठी, शके 1947
(19 एप्रिल 2025)

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रोज सायंकाळी मोबाईलवर आपले मुखदर्शन होते हे खरे, परंतु त्या दर्शनात आपले अर्धे कपाळ आणि एकलहऱ्याच्या घराचा पंखा यांपलीकडे काही दिसत नाही, आणि मुद्द्याची गोष्ट निघण्यापूर्वीच वहिनी "जेवलात का भावजी?" ही चौकशी सुरू करतात, सबब हा सविस्तर खलिता टपालाने रवाना करीत आहे.

गेल्या कार्तिकात येथे आलो तेव्हा माझी समजूत अशी होती की, तोफखान्यात सतरा वर्षे आणि त्यानंतर वीज केंद्राच्या भांडारात तेवीस वर्षे हजेरी लावलेल्या मनुष्यास स्वस्थ बसण्याचा अधिकार आता निर्विवाद प्राप्त झाला आहे. पण स्वस्थ बसणे ही तालमीवाचून साधणारी विद्या नव्हे, हे मला पौषातच कळून चुकले. एकलहऱ्यास निदान वीज केंद्राच्या धुराड्याकडे पाहून वारा कोणीकडचा हे सांगता येई, आणि तिन्ही संचांपैकी कोणता बंद आहे यावर पारावर तासभर वाद घालता येई. येथे दुपारी चारला अंधार पडतो आणि वारा चोहोंकडून येतो. मी खिडकीत बसून रस्त्यावरच्या बसगाड्या मोजू लागलो, त्यांचा तपशील वहीत उतरवू लागलो, आणि एके रात्री "आज 38 नंबरची बस आली नाही" अशी वर्दी मी जेवणाच्या पानावर दिली, तेव्हा सूनबाईंनी चिरंजीवाकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले. पुढच्याच शनिवारी तिने मला मोटारीत घालून येथल्या माजी सैनिकांच्या मंडळात, रजिस्टर टपालाप्रमाणे पोच घेऊन, सुपूर्द केले.

हे मंडळ म्हणजे एक दिवाणखाना, चाळीस खुर्च्या, चहाचा एक अजस्र बंब आणि दर शनिवारची न्याहारी. ताटात डुकराच्या मांसाचे तीन प्रकार पाहून मी गळ्यातील तुळशीची माळ बाहेर काढून दाखविली. तिचा अर्थ त्यांनी काहीतरी पदक असावे असा केला, आणि मोठ्या आदराने माझ्यापुढे उकडलेले घेवडे, टोस्ट व भाजलेले टोमॅटो ठेवण्यात आले. तेव्हापासून ती वहिवाट कायम आहे.

तिसऱ्या शनिवारी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे एक आजोबा आपल्या शेजाऱ्याविषयी कळवळून म्हणाले की, बिचारा अलीकडे पार 'डूलॅली' झाला आहे. अर्थ विचारला तेव्हा त्यांनी कपाळाशी बोट फिरवून दाखविले, आणि हा शब्द हिंदुस्थानातील कोठल्याशा छावणीवरून आला, अशी पुस्तीही जोडली. दादा, मी चमच्याने टेबल वाजवून सभेस निवेदन केले की, ती छावणी कोठलीशी नसून आमची देवळाली आहे, ती माझ्या घरापासून सायकलीच्या टप्प्यात आहे, आणि तेथील हवा इतकी उत्तम की मुंबईचे लोक पदरचे पैसे मोजून हवापालटास येतात. सभेत क्षणभर निःशब्द शांतता पसरली. आणि मग साऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तीत अशा मुलखातून आलेला मनुष्य स्वतः कितपत शहाणा असावा याचा हिशेब मला स्वच्छ दिसला.

हकीकत अशी की, गोऱ्या पलटणींसाठी देवळालीस 1861 साली मुक्कामाची छावणी उभी राहिली. मुदत संपलेले सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे राहत. पण ही जहाजे थंडीच्या हंगामातच सुटत, त्यामुळे ज्याची मुदत ऐन चैत्र-वैशाखात भरे, त्यास पुढील कार्तिकापर्यंत ना काम, ना कवाईत, ना मोहीम, नुसते ऊन आणि रिकामपण एवढाच शिधा मिळे. त्या रिकामपणात जे डोके फिरे त्यास ते 'डूलॅली टॅप' म्हणत. आणि हा 'टॅप' पाण्याच्या नळाचा नसून आपला ताप होय, हे मी सांगितले तेव्हा आजोबांनी टोपी काढली. त्याच छावणीतील सैनिकी नाटकमंडळींवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' नावाची विनोदी मालिका बीबीसीने 1974 ते 1981 पर्यंत दाखविली, ती आमच्या मंडळातील वृद्धांस अद्याप मुखोद्गत आहे. देवळाली हे खरे गाव असून तेथे आजही रेल्वे थांबते, यावर मात्र त्यांचा अर्धवटच विश्वास आहे.

हे व्याख्यान देता देता माझ्या मनात लख्ख उजेड पडला की, हिवाळाभर मला जडलेला विकार तो हाच. गोरे लोक देवळालीत बसून विलायतेची वाट पाहत वेडे झाले, आणि मी विलायतेत बसून देवळालीपलीकडच्या गावाची वाट पाहत बसगाड्या मोजत होतो! ताप एकच, फक्त जहाजाची दिशा उलटी. मंडळाचे सेक्रेटरी जुने सुभेदारी वळणाचे गृहस्थ आहेत. त्यांनी त्यावर औषध म्हणून माझे नाव खुर्च्या लावणाऱ्यांच्या यादीत घातले, आणि दादा, खुर्ची उचलताच ताप उतरू लागला.

उपरोक्त आजोबा सक्तीच्या लष्करी सेवेत तोफखान्यात होते. त्यांनी चालविली ती 25 पौंडी तोफ, आणि मी 1971 साली ज्या तोफेवर उभा होतो तीही 25 पौंडीच. त्यांच्या तोफखान्याचे लॅटिन ब्रीद 'सर्वत्र' या अर्थाचे, आणि आपले 'सर्वत्र इज्जत ओ इक्बाल'. एवढा पुरावा हाती आल्यावर दोन म्हाताऱ्यांस आवरणार कोण? चहाचा बंब चाकांच्या टेबलावर होता. आजोबांनी हुकूम सोडला, मी पावाची लादी गोळा म्हणून पुढे केली, सहा जणांची कवाईत आम्ही दोघांनी पार पाडली, आणि "फायर" या शब्दाबरोबर टेबलाने जी मागे उसळी घेतली, तीत अर्धा बंब सेक्रेटरींच्या पाटलोणीवर रिता झाला. चौकशी बसली. शिक्षा म्हणून आम्हा उभयतांस चार शनिवार कपबशा विसळण्याची फर्मावण्यात आली. ती आम्ही गप्पा मारीत आनंदाने भोगली.

येथील जुन्या पलटणीच्या निशाणावर हत्तीचे चिन्ह आहे व त्यावर 'हिंदुस्थान' ही अक्षरे आहेत. हा हत्ती कोठला, असे मी विचारता एक निवृत्त सार्जंट अभिमानाने लढायांची नावे सांगू लागला : अलीगड, दिल्ली, लासवारी. मी म्हणालो, "थांबा, या तर आमच्या शिंद्यांच्या फौजेशी झालेल्या लढाया, लासवारीची तारीख 1 नोव्हेंबर 1803." सार्जंट वरमला, आणि लगोलग माझ्यासमोर चहाचा दुसरा पेला, बिस्किटासह, ठेवता झाला. दोनशे वीस वर्षांहून अधिक काळाने का होईना, नुकसानभरपाईचा पहिला हप्ता वसूल झाला याची नोंद घ्यावी.

यंदा गुढीपाडवा 30 मार्चला आला. त्याच दिवशी येथला मातृदिन, मंडळात आयांसाठी जेवण, आणि त्याच पहाटे सरकारी हुकमाने देशभरची घड्याळे एक तास पुढे सरकविलेली. मी पंचांग पाहून गुढी उभारली. पण भिंतीवरचे जुने घड्याळ कोणी पुढे केलेच नव्हते, त्यामुळे साऱ्या हयातीत प्रथमच मी हजेरीस चुकलो. म्हणून मंडळाचा निशाणबारदार मला पाहण्यास घरी आला आणि दारातच, रेशमी वस्त्र व तांब्याचा गडू मिरविणाऱ्या त्या काठीकडे पाहून, सवयीने सावधान उभा राहिला. "हे निशाण कोणत्या पलटणीचे?" त्याने हलकेच विचारले. मी म्हणालो, "शालिवाहनाच्या. त्याचे सैनिक मातीचे होते, अशी कथा आहे. त्यामुळे त्यांच्या पेन्शनीचा प्रश्न उद्भवला नाही." तो गंभीरपणे म्हणाला, "आमच्या सरकारला ही युक्ती कळवू नका."

आता वसंत ऋतू ऐन भरात आहे. पिवळ्या डॅफोडिलांनी उतार झाकले आहेत, आणि मंडळाची तुकडी दर बुधवारी काल्डर नदीच्या काठी पाला खुडण्यास जाते. 'डॉक' नावाच्या रानभाजीची पाने, हात लावताच आग करणारा एक काटेरी पाला, कांदा आणि ओटचे पीठ एकत्र शिजवून, मग डुकराच्या चरबीत परतून हे लोक जो पदार्थ करतात त्यास ते 'डॉक पुडिंग' म्हणतात, आणि मायथमरॉयड गावी त्याची जागतिक स्पर्धा भरवितात! महायुद्धात जर्मन रेडिओने यॉर्कशायरचे लोक उपासमारीने गवत खाऊ लागल्याची बातमी दिली ती याच भाजीमुळे, असे येथे हसत सांगतात. चरबी वर्ज्य करून मी माझा वाटा लसूण-लाल मिरचीच्या फोडणीत परतला. पहिला घास घेताच सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आले, दुसऱ्यास त्यांनी पाणी मागितले, आणि तिसऱ्यास पाककृती लिहून मागितली.

आता मुख्य काम. येत्या 8 मेला युरोपातील विजयास 80 वर्षे पूर्ण होतात. मंडळात पताका, केक, गाणी असा बेत आहे, आणि प्रारंभी हुतात्म्यांची नावे वाचली जातील. मी विनंती केली की, त्या युद्धात इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीही लढली होती, तर 10 जुलै 1944 रोजी धारातीर्थी पडलेले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे यांचे नाव यादीत असावे. कोणीही हरकत घेतली नाही. सेक्रेटरी गेले दोन आठवडे 'घाडगे' या नावातील 'घ' घोटत आहेत. तो अजून 'गा'च होतो, पण काल त्यांनी तो उच्चारण्यासाठी खुर्चीतून उभे राहून छाती भरून श्वास घेतला, तेव्हा मी त्यांस दुरुस्त केले नाही.

तरी आपण कृपा करून चि. पुतण्यास देवळाली स्टेशनावर धाडावे, आणि फलाटावरील पाटीचा, तीवर गावाचे नाव मराठीत व इंग्रजीत स्वच्छ दिसेल असा फोटो, 8 मेपूर्वी पोहोचेल अशा बेताने पाठवावा. पाटीखाली वहिनींसह आपण उभे राहिल्यास पुरावा अधिक बळकट होईल. कारण त्या गावची माणसे शहाणी असतात की नाही यावर येथे एक पौंडाची पैज लागली आहे.

आपला आज्ञाधारक,
धाकटा