प्रशासक बिनविरोध

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या वडनेरच्या मतदाराच्या बोटाला शाई लागते ती कशाकशासाठी, एकदा मोजून घ्या. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, आमदार, खासदार. बटणं संपली. अख्ख्या राज्याचं म्हणावं असं एकही पद त्याला स्वतःच्या मतानं भरता येत नाही. मुख्यमंत्री आमदार ठरवतात (आमदारांचं कोण ठरवतं, ते विचारायला मुंबईच्या पुढं जावं लागतं). राज्यपाल दिल्लीहून येतात. मुख्य सचिव कोण, हे आपल्याला पेपरातून कळतं. आणि आपली पंचायत निवडणूक घेणारा राज्य निवडणूक आयुक्त? त्याचीही नेमणूकच.

अमेरिकेत याच्या उलटी तऱ्हा. तिथं कित्येक राज्यांत खजिनदार, हिशेबतपासनीस, एवढंच काय, निवडणूक घेणारा अधिकारीसुद्धा लोक मतं देऊन निवडतात. म्हणजे पंचही पक्षाच्या तिकिटावर. 2000 साली फ्लोरिडात बुश आणि गोर यांच्यात अवघ्या 537 मतांचा फरक राहिला. तो निकाल प्रमाणित करणाऱ्या कॅथरिन हॅरिस राज्यभरातून निवडून आलेल्या अधिकारी होत्या, आणि त्याच बुश यांच्या तिथल्या प्रचाराच्या सहअध्यक्षही होत्या. हायवेवरच्या टपरीवर हे सांगितलं तर एक भाऊ म्हणाले, "म्हंजे तहसीलदारच गुलाल घेऊन बसला म्हना ना!" पुढं 2003 पासून फ्लोरिडानं ते पद नेमणुकीचं करून टाकलं. शहाणपण आधीच सुचलं होतं, पण लागू झालं ते मोजणी आटोपल्यावर.

आपल्याकडं राज्यपातळीवरची चुरस बघायची असेल तर जून 2022 आठवा. राज्यसभेच्या सहा जागा, सात उमेदवार, मतदार फक्त आमदार. सहाव्या जागेसाठी दोघेही कोल्हापूरचे: शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक. मतदार पंचतारांकित हॉटेलांत मुक्कामाला. आपल्याकडं मतदानाच्या आदल्या रात्री मतदाराला जेवू घातलं तर भरारी पथक येतं; तिथं चार-चार दिवस पंगत चालते आणि तिला रणनीती म्हणतात.

ती मोजणी मोठी बघण्यासारखी होती. आमदाराच्या एका मताचं मोल तिथं शंभर धरतात. हे मोजणीतलं मोल. बाजारातल्या भावाचं मी बोलत नाही. पहिल्या पसंतीची मतं पवारांना 33, महाडिकांना 27. आपल्या गावात एवढ्यावर फटाके वाजले असते. पण भाजपनं पीयूष गोयल आणि शेजारच्या वऱ्हाडातले अनिल बोंडे यांना 48-48 मतं देऊन ठेवली होती. निवडून यायला लागत होती साधारण 41. उरलेली सात-सात मतं दुसऱ्या पसंतीनं महाडिकांच्या पारड्यात आली. सत्तावीस आणि चौदा. बेरीज वडनेरच्या शाळेतलं पोरगंही करील. ती आधी करून ठेवणं हे राजकारण. त्यात शिवसेनेच्या सुहास कांदेंचं मत बाद झालं, तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या आणि 10 जूनच्या मतदानाचा निकाल 11 च्या पहाटे लागला. दहा दिवसांनी विधान परिषद झाली, ती मात्र गुप्त मतदानानं. काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतेच्या वाटेला लागले. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

आपल्या मतानंही चुरस होते, नाही असं नाही. 2024 ला वायव्य मुंबईत रवींद्र वायकर 48 मतांनी खासदार झाले. शेजारच्या देवळीत 2014 ला रणजित कांबळे हजाराच्या आतल्या फरकानं तरले. 2017 ला मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात तर भाजप आणि शिवसेनेच्या उमेदवारांना सारखीच मतं पडली, 5,946 आणि 5,946. फेरमोजणी झाली, तरी तेच. शेवटी एका चिमुरडीनं चिठ्ठी उचलली आणि देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा एक नगरसेवक ठरला. ईश्वरचिठ्ठीला हॉटेलचं बिल लागत नाही, एवढं तिच्या बाजूनं बोलता येईल.

सरपंच कसा निवडायचा, यावर तर सरकारांचीच कुस्ती. 2017 ला थेट जनतेतून, 2020 ला पुन्हा सदस्यांतून, 2022 ला परत जनतेतून. गावाला कोणी विचारलं नाही. सरकार बदललं की गावाची अक्कल वाढते किंवा कमी होते, असा हा हिशेब.

आणि जिथं खरा कारभार, तिथं मात्र चुरस औषधालाही सापडत नाही. वर्धा जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. आरक्षण, प्रभाग, तारीख पे तारीख. सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये चार महिन्यांत स्थानिक निवडणुका घ्या म्हणून बजावलं. ते चार महिने कधीच उलटून गेले. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक झाले, पंचायत समितीत गटविकास अधिकारी. प्रस्ताव मांडणारे साहेब, मंजूर करणारे साहेब, अंमल करणारेही साहेब. सभेत विरोधी पक्ष म्हणून पंखा तेवढा कुरकुरतो.

यात साहेबांचा दोष नाही. बिचारे शिकूनसवरून, परीक्षा देऊन आलेले. पण पांदण रस्त्यात बंडी फसली, कपाशी घरी आणायची खोळंबली, तर पूर्वी जिल्हा परिषदेच्या सदस्याला चौकात गाठून चार शब्द सुनावता यायचे. "मतं मांगाले आला होता तवा रस्ता दिसला नाही काय?" हा प्रश्न प्रशासकाला विचारता येत नाही, कारण ते मतं मागायला आलेच नव्हते. त्यांना द्यायचं ते निवेदन. तीन प्रतींत. पोच घेऊन.

शिवाय साहेबांची बदली होते आणि नवे साहेब येतात, तेही बिनविरोध. गुलाल नाही, डीजे नाही, अनामत जप्त होण्याची भीती नाही. आचारसंहितासुद्धा लागत नाही, त्यामुळं कामं थांबवायला दरवेळी नवं कारण शोधावं लागतं.