वर्ध्याहून मुंबईला विमानाने कसे जावे

१. आधी अंतर समजून घ्यावे. नागपूर ते मुंबई हे हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर. वर्ध्याहून मोजले तर ६३०च्या आसपास. म्हणजे आपण नागपूरकरांपेक्षा पन्नासेक किलोमीटर पुढेच राहतो. याचा आनंद आत्ताच मानून घ्यावा; पुढे तो कामी येत नाही.

२. मुंबई पश्चिमेला आहे, म्हणून ईशान्येकडे निघावे. आपले विमान नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून, ७५ किलोमीटरवरून सुटते. एसटीत शेजारचे काका विचारतील, "मुंबईले चाल्ला न भाऊ, मंग नागपूरच्या गाडीत काहून बसला?" उत्तर शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असे द्यावे: "विमानानं चाल्लो, काका."

३. नागपूरबद्दल राग धरू नये. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमाने मध्यरात्री तिथे जमत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा फायदा पत्रांना झाला. मध्याच्या शेजारी राहणाऱ्याला मात्र आधी मध्य गाठावा लागतो.

४. खिडकीची जागा मागावी. नकाशावर नागपूर-मुंबई सरळ रेघ ओढली तर ती बोर धरणाच्या आसपासहून, म्हणजे आपल्याच जिल्ह्यावरून जाते. सकाळपासून एवढी धडपड करून आपण पुन्हा वर्धा जिल्ह्यातच आलो, हे शेजारच्या प्रवाशाला सांगू नये.

५. सामान. गोरसपाक हातातल्या बॅगेत ठेवावा. खाली दिला तर मुंबईत चुरा वाटावा लागतो. लोणच्याची बरणी चेक-इनमध्ये द्यावी आणि तिच्याभोवती दुसऱ्याचे कपडे गुंडाळावेत.

६. वेळेची बेरीज. गॅस बंद केला का, कुलूप ओढून पाहिले का: अर्धा तास. बुटीबोरीचे ट्रक धरून विमानतळ: दोन तास. विमानतळावर आधी पोचून बसणे: दोन तास. उड्डाण: दीड तास. पट्ट्यावर बॅगेची वाट पाहणे: अर्धा तास. तिथून डोंबिवलीच्या आत्याकडे: दोन तास. एकूण साडेआठ. समृद्धी महामार्गाने नागपूर-मुंबई हे ७०१ किलोमीटर आठ तासांत होतात, असा सरकारी हिशोब आहे. तो वर्ध्याजवळ येळाकेळीला या महामार्गावर चढणाऱ्यांना आठवू देऊ नये.

७. रेल्वेचे नाव काढू नये. वर्धा ते सीएसएमटी ७५८ किलोमीटर. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये संध्याकाळी बसावे, शेंगोळ्यांचा डबा उघडावा, झोपावे आणि सकाळी कल्याणला उतरावे. बारा तास लागतात, पण त्यातले आठ घोरण्यात जातात आणि ते कुणी मोजत नाही.

८. पोचल्यावर कुणी विचारले, किती वेळ लागला, तर "दीड तास" सांगावे. तिकिटावर तेवढेच छापलेले असते. आदल्या संध्याकाळी रेल्वेने निघालेला मेव्हणा तिथे आंघोळ करून पोहे खात बसला असेल, तर विषय कापसाच्या भावाकडे वळवावा.