पिक्चरवाले अंकल

वसईतल्या एखाद्या मोठ्या धर्मग्रामात रविवारची सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली की चर्चच्या आवारात घोळके जमतात. एका घोळक्यात केळीचा आणि भाजीचा भाव चालतो, दुसऱ्यात नळाचं पाणी आणि रस्त्यातले खड्डे. तिसऱ्यात एकच माणूस बोलत असतो आणि बाकीचे सटकायची संधी शोधत असतात. हे पिक्चरवाले अंकल. वय सत्तरीच्या आसपास, निवृत्ती बँकेतून नाहीतर रेल्वेतून, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. आडनाव लोपीस, परेरा, तुस्कानो, डिमेलो यांपैकी काहीही असू शकतं. प्रत्येक धर्मग्रामात असा एक असतोच. दोन निघाले, तर पॅरिश कौन्सिलची बैठक रात्री अकराच्या आधी संपत नाही.

अंकलचा घोटाळा असा, की त्यांच्याकडे मोजपट्ट्या दोन आहेत आणि दोन्ही भलत्याच ठिकाणी लागतात. पिक्चर ते चर्चच्या पट्टीने मोजतात आणि चर्च पिक्चरच्या.

मिस्सा संपल्यावर नव्या सहायक धर्मगुरूंना ते गाठतात. "फादर, प्रवचन छान होतं. पण मध्यंतरानंतर जरा पडलं." फादर बिचारे तरुण, सेमिनरीत ग्रीक आणि तत्त्वज्ञान शिकून आलेले, प्रवचनाला मध्यंतर असतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मग अंकल पोपची साक्ष काढतात. २०२४च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी खरोखरच सांगितलं होतं, की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये, लोकांना झोप लागते. अंकलनी ते वाचलं त्या दिवसापासून त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाला धर्मशास्त्रीय अधिकार आला आहे. स्वतः मात्र ते 'द टेन कमांडमेंट्स' हा तीन तास चाळीस मिनिटांचा चित्रपट जागेवरून न हलता पाहतात. विचारलं तर म्हणतात, "तिथे समुद्र दुभंगतो. फादरनी दुभंगून दाखवावा, मीही बसतो."

निर्गमाच्या पुस्तकातलं वाचन असलं की वाचक म्हणून आपलंच नाव लागावं, यासाठी ते आधीच्या आठवड्यापासून खटपट करतात. ते वाचायला उभे राहिले, की बाकावरच्या मंडळींना कळतं: आज आपल्यासमोर नेहमीचे अंकल नाहीत, 'टेन कमांडमेंट्स'मधला चार्ल्टन हेस्टन आहे.

पण खरी मजा त्यांच्याबरोबर हिंदी पिक्चर पाहण्यात. नायकाने क्रूसाची खूण केली रे केली, की अंकल खुर्चीत पुढे सरकतात. कपाळ, छाती, डावा खांदा, मग उजवा. नायक हमखास आधी उजव्या खांद्याकडे जातो. "चुकला!" मागच्या रांगेतून कुणीतरी शुक्शुक करतं. मग पडद्यावर धर्मगुरू येतो, भर मे महिन्यात काळ्या झग्यात. आपल्याकडच्या उकाड्यात पांढरा झगाच परवडतो हे वेशभूषाकाराला कोण सांगणार? शिवाय हा फादर दिवसाच्या कोणत्याही प्रहरी रिकाम्या चर्चमध्ये बायबल हातात घेऊन उभा असतो. पॅरिश ऑफिसची वेळ ठरलेली, त्यातही फादर आजाऱ्यांना भेटायला गेलेले, शाळेच्या मीटिंगला गेलेले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो उभा फादर पाहून हेवाच वाटायचा.

लग्नाच्या प्रसंगाला तर अंकलचा रक्तदाब वाढतो. नायक-नायिका पळत येतात आणि फादर तिथल्या तिथे लग्न लावून मोकळे होतात. बाप्तिस्म्याचा दाखला कुठे आहे? विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र? आणि घोषणा? कॅथलिक लग्नात वधूवरांची नावं आधी चर्चमध्ये जाहीर करतात, रूढीने सलग तीन रविवार, म्हणजे कुणाला अडथळा माहीत असेल तर त्याने वेळेत येऊन सांगावं. म्हणूनच ऐन वेदीसमोर "कुणाची हरकत आहे का?" असा प्रश्न कॅथलिक विधीत नसतो. हिंदी पिक्चरमध्ये तो असतो, कारण त्यावाचून खलनायकाला दार ढकलून आत येता येत नाही. अंकलचं म्हणणं, खलनायक जर नेमाने रविवारच्या मिस्सेला आला असता, तर ही वेळच आली नसती.

तक्रारी अशा बऱ्याच आणि सगळ्याच काही हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. पिढ्यान्पिढ्या हिंदी सिनेमातला ख्रिस्ती पुरुष बाटली घेऊन आला आणि ख्रिस्ती मुलगी आखूड फ्रॉक घालून. तस्कराच्या अड्ड्यावर हुकूम झेलायला रॉबर्ट नाहीतर मायकेल. आडनावांचाही दुष्काळ. 'बॉबी'तला जॅक ब्रगांझा, 'बातों बातों में'मधला टोनी ब्रगांझा, 'खामोशी'तला जोसेफ ब्रगांझा. तीन दिग्दर्शक, तीन दशकं आणि आडनाव एकच. यांतला बासू चटर्जींचा 'बातों बातों में' (१९७९) मात्र अंकलनी माफ केला आहे. त्यात अमोल पालेकर आणि टीना मुनीम लोकलने ऑफिसला जातात, मुलीची आई जावयाच्या पगाराची चौकशी करते आणि कुणी कुणाचा खून करत नाही. विरार लोकलमध्ये हयात घालवलेल्या माणसाला याहून वास्तववादी काय हवं?

पडद्यावरचे सर्वांत चांगले ख्रिस्ती कोणी रंगवले, हा त्यांचा आवडता प्रश्न. कुणी उत्तर देण्याआधी तेच सांगतात. 'अनाडी'तली (१९५९) मिसेस डिसा: ललिता पवार. एरवी सुनेला छळणारी सासू, पण या खट्याळ, मायाळू घरमालकिणीसाठी फिल्मफेअर मिळालं. 'बूट पॉलिश'मधला (१९५४) जॉनचाचा: डेव्हिड. 'जूली'तली (१९७५) आई: नादिरा. त्या दोघांनाही त्याच भूमिकांसाठी फिल्मफेअर. आता डेव्हिड बेने इस्रायली आणि नादिरा बगदादी ज्यू. म्हणजे ख्रिस्ती माणूस ख्रिस्ती नटाने उभा केला असं यात एकही उदाहरण नाही. घोळक्यातला एखादा हे बोलून दाखवतो आणि अंकल त्याचीच वाट पाहत असतात. "अरे, येशू तरी कोण होता?"

या सगळ्या छाननीतून अंकलचा सर्वांत लाडका चित्रपट कोणता निघावा? तर 'अमर अकबर अँथनी'. १९७७, मनमोहन देसाई. तिघे भाऊ एकाच वेळी एकाच बाईला रक्त देतात, नळ्या सरळ एकमेकींत जोडलेल्या, हे पाहून डॉक्टर मंडळी चक्कर येऊन पडावीत. अंकलना त्याचं काही नाही. अँथनी दारूचा अड्डा चालवतो, तेही चालतं. खलनायकाचं नाव इथेही रॉबर्टच, पण नायकही आपलाच असल्यामुळे हिशेब फिटला. ईस्टरच्या पार्टीत अमिताभ बच्चन भल्यामोठ्या अंड्यातून टोपी-छत्रीसकट बाहेर येतो, तेव्हा अंकल टाळी वाजवतात. त्यांना सर्वांत आवडते ती अँथनीची येशूबरोबरची भागीदारी. कमाईतला निम्मा वाटा देवाचा. "बायबलात दशांश सांगितलाय, दहावा हिस्सा. हा पन्नास टक्के देतो! आपल्याकडे रविवारी थैलीत काय पडतं ते जरा खजिनदाराला विचारा." खजिनदार शेजारीच उभे असतात. ते आपल्या बुटांकडे पाहू लागतात.

त्यातलं अँथनी गोन्साल्विस हे नावही कल्पनेतलं नाही. गोव्यातल्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक होते. या चित्रपटाला संगीत देणाऱ्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. शिष्याने गुरूंचं नाव असं अजरामर केलं. असेच गोव्याचे शंकर-जयकिशनकडे सबॅस्टियन डिसोझा होते, सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी शिकवत, मिस्सेत गायला आणि वाजवायला तयार करत. तीच मुलं पुढे पोटासाठी मुंबईला आली आणि स्टुडिओत बसली. "हिंदी सिनेमाचे कान आमच्या चर्चमध्ये टोचलेत," हे अंकलचं वाक्य फुशारकीचं असलं, तरी इतिहासाला धरून आहे.

याच्या पुढची त्यांची झेप मात्र थेट दादासाहेब फाळक्यांवर. १९१०-११च्या सुमारास फाळक्यांनी मुंबईत 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहिला. पडद्यावर येशू, आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या. पत्नी सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो दाखवायला नेला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. एवढ्या गोष्टी खऱ्या. पण अंकल त्यावरून भारतीय सिनेमाचा बाप्तिस्मा झाल्याचं जाहीर करतात, आणि गणपतीत शेजारच्या मंडपात जाऊनही तेच सांगतात.

त्यांच्या पाकिटात एक घडी घातलेली झेरॉक्स आहे. सिनेमाची शंभरी भरली तेव्हा, १९९५ साली, व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली. तीत 'बेन-हर' आहे, पासोलिनीचा मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरचा चित्रपट आहे, आणि पासोलिनी तर मार्क्सवादी, नास्तिक. चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' आहे, 'विझार्ड ऑफ ऑझ' आहे, ॲटनबरोचा 'गांधी' आहे. ड्रॅक्युलाच्या गोष्टीवरचा 'नोस्फेरातू'सुद्धा आहे. भारतीय दिग्दर्शकाचा एकही नाही. यादीच्या तळाशी अंकलनी बॉलपेनने ४६वं नाव लिहिलं आहे. कोणतं ते सांगायला नको. पासोलिनी त्यांना पहिल्या अर्ध्या तासात झोप आणतो, हे घरचे लोक सांगतात. 'बाबेट्स फीस्ट' मात्र त्यांनी मनापासून पाहिला. लॉटरीत मिळालेले सगळे दहा हजार फ्रँक एक स्वयंपाकीण एकाच मेजवानीत उडवते, आणि कोरड्या, कुरकुऱ्या भाविकांची तोंडं हळूहळू सैल होतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या आपल्या उपदेशपत्रात याच चित्रपटाचा दाखला दिला. लग्नाच्या जेवणाला वसईत कधी हात आखडता घेतला जात नाही, त्यामुळे अंकलना त्यात धर्म शोधावा लागला नाही.

उपवासकाळ सुरू झाला, की अंकल चाळीस दिवस पिक्चर सोडतात. 'बेन-हर', 'टेन कमांडमेंट्स' आणि तेलुगूतून हिंदीत आलेला 'दयासागर' हे पिक्चर धरले जात नाहीत. मेल गिब्सनचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' (२००४) थिएटरात पाहताना रोमन सुभेदार पिलात लॅटिन बोलू लागला आणि लॅटिन मिस्सेत सेवा केलेल्या या जुन्या अल्तार-मुलाच्या तोंडून जवळजवळ प्रतिसाद निघाला होता, असं ते स्वतःच सांगतात. पुढचा अर्धा चित्रपट त्यांनी रुमाल तोंडावर धरून पाहिला. त्याबद्दल ते घोळक्यात बोलत नाहीत.

करोनाच्या काळात चर्चला कुलूप लागलं आणि मिस्सा टीव्हीवर आली, तेव्हा बाकीचे हळहळले. अंकलनी संत क्लाराचा आधार काढला. आजारी क्लाराला नाताळच्या रात्री खोलीच्या भिंतीवर मिस्सा दिसली अशी कथा आहे, म्हणून १९५८ साली पोप बाराव्या पायस यांनी तिला दूरदर्शनची आश्रयदाती संत ठरवलं. आधार मिळाला तसं अंकल पाय मुडपून सोफ्यावर बसले आणि तिसऱ्याच रविवारी त्यांनी फादरना फोन केला: आशीर्वादाच्या वेळी क्लोजअप का नाही?

नाताळात येशूजन्माचे गोठे पाहायला वसईला गेलात, तर एखाद्या चर्चच्या आवारात हे अंकल भेटतील. मॅरी बिस्किटाच्या डब्याइतक्या गोठ्यातही त्यांनी दिव्यांची योजना केलेली असेल. त्यांना 'अमर अकबर अँथनी'विषयी जरूर विचारा, पण परतीच्या लोकलची वेळ आधी पाहून ठेवा.