साक्रीकरांसाठी श्वानकुल्फी

कुत्र्यासाठी घरच्या घरी पौष्टिक कुल्फी करण्याचे ज्याच्या मनात आले असेल, त्याने आधी स्वयंपाकघरातून बाहेर यावे. साहित्याची जुळवाजुळव नंतर होईल. पूर्वतयारी करणाऱ्याची व्हायला हवी, आणि साक्री तालुक्यात तिला इतर ठिकाणांपेक्षा जास्त वेळ लागतो. या पदार्थाची सगळी कला वगळण्यात आहे आणि खानदेशी हाताला वगळण्याची सवय नाही. रश्श्यावर तेलाचा तवंग दिसला नाही तर इथे यजमानाला अपराधी वाटते; शेवभाजीने कपाळावर घाम आणला नाही तर पाहुणा तब्येतीची चौकशी करतो. माणसांच्या पंगतीत ही उदारता शोभून दिसते. कुत्र्याच्या ताटलीत मात्र तीच विषबाधेची पहिली पायरी ठरू शकते. म्हणून या मार्गदर्शनाचा एकच सिद्धान्त आरंभीच सांगून टाकलेला बरा: श्वानकुल्फी काही कमी पडल्याने बिघडत नाही, ती मायेने काहीतरी जास्त पडल्याने बिघडते. तेव्हा साधकाने एकेक जिन्नस हातातून खाली ठेवायला शिकावे. जो शेवटपर्यंत टिकेल, त्याला कुल्फी जमेल.

सर्वांत कठीण त्याग कांद्याचा, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. कुल्फीत कांदा कोण घालतो, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की पौष्टिक श्वानकुल्फीचा एक मान्यवर प्रकार कोंबडीच्या पाण्याचा असतो, आणि कांदा-लसणाशिवाय कोंबडी उकळायला ठेवणे ही इथे अर्धवट राहिलेली क्रिया समजली जाते. पिंपळनेरच्या बाजारात कांद्याच्या गाड्यांच्या रांगा लागतात. ज्या तालुक्याचे वर्षाचे गणित कांद्याच्या भावावर ठरते, तिथे कांद्याविरुद्ध बोलणे धोक्याचे आहे. तरीही सांगणे भाग आहे. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात, पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. कुत्र्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला की विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, असे पशुवैद्यकशास्त्र सांगते. १५ किलोच्या गावरान कुत्र्यासाठी हा हिशेब ७५ ग्रॅमचा, म्हणजे मध्यम आकाराच्या एका कांद्याचा झाला. कांदा शिजवला, तळला, वाळवला किंवा भाजून काळ्या मसाल्यात वाटला, तरी त्याचा हा गुण जात नाही. लसूण तर कांद्याहून तेज. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या भरितात पडणारी कांद्याची पात आणि लसूण पाहता, हा मान कुत्र्यापर्यंत पोचवण्याची घाई करू नये.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो अहिराणीत येतो: त्याले काय व्हस? आमच्या दारातल्या कुत्र्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या रस्सा-भाकरीवर वाढल्या, त्यांना काही झाले नाही. आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचा अर्धा भाग चक्क खरा आहे. लांडग्याचा कुत्रा होताना त्याच्या अंगात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढल्या. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की लांडग्यात त्या जनुकाच्या साधारण दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात ४ ते ३०. माणसाने शेती धरली, उष्टे टाकले आणि ते उष्टे पचवणारा प्राणी तयार झाला. याचा अर्थ असा की भाकरीला उत्क्रांतीची मंजुरी आहे. फोडणीची फाइल मात्र तिथे अजून पोचलेली नाही. राहिला प्रश्न ‘काही झाले नाही’ याचा. कांद्याचा परिणाम बहुधा काही दिवसांनी दिसतो. कुत्रे मलूल होते, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर रश्श्याची आठवण कोणालाच राहिलेली नसते. ज्यांना काही झाले ती कुत्री साक्ष द्यायला उरली नाहीत. जी उरली त्यांच्या जोरावर आपण सिद्धान्त मांडतो. शिवाय दारातल्या कुत्र्याचे रक्त कोणी तपासले होते, हेही आक्षेपकाने एकदा सांगावे.

कांदा सुटला की गोड सोडावे. नाशिक जिल्हा शेजारी असल्याने द्राक्षे आणि बेदाणे घरात येतातच, आणि कुल्फी म्हटले की हात बेदाण्याच्या डब्याकडे वळतो. तो तिथेच धरावा. द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती द्राक्षांनी हे सांगता येत नाही. एखादे कुत्रे मूठभर खाऊन शेपूट हलवते, दुसरे थोडक्यात आडवे होते. यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे अलीकडे मानले जाते. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असल्याने चिंच-गुळाच्या सरबताची अभिनव श्वानकुल्फी सुचलेल्या कल्पक गृहिणींनी ती कल्पना तिथेच गोठवावी. चॉकलेट नको, कारण त्यातले थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडते. ‘शुगर फ्री’ लिहिलेले काहीही घालून आरोग्याचा मान राखला असे समजू नये. त्यातल्या अनेक पदार्थांत असणाऱ्या झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. आटवलेले दूध, जो मानवी कुल्फीचा प्राण, तेही ठेवावे बाजूला: बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, आणि आटवल्याने ती आणखी दाटते. शेंगदाणे चालतात, पण बिनमिठाचे आणि स्वच्छ. बुरशी आलेले दाणे ‘कुत्र्याला चालतील’ म्हणून वेगळे ठेवण्याची पद्धत त्याच्या यकृताला महागात पडते. आणि पाककृतींच्या पुस्तकांतले ‘चवीनुसार मीठ’ वाचताना, चव कोणाची, हा प्रश्न आयुष्यात प्रथमच स्वतःला विचारावा.

एवढे सगळे खाली ठेवल्यावर ओट्यावर जे उरते, तीच कृती. १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० ते ८५० किलोकॅलरी लागतात. खाऊचा वाटा त्याच्या एक दशांशाहून जास्त नसावा, असा पशुवैद्यकांचा दंडक आहे. म्हणजे दिवसाची मर्यादा सुमारे ८० किलोकॅलरी. अर्धे केळे घ्यावे, त्यात ५० गेल्या. ताजे, बिनसाखरेचे दही दोन चमचे, त्यात २० गेल्या. उरलेल्या दहात तूप सोडण्याचा मोह होईल. तो होऊ द्यावा आणि जाऊ द्यावा. केळे कुस्करून दह्यात कालवावे, मोठी वाटी भरून पाणी घालून ढवळावे आणि पसरट वाट्यांतून फ्रीझरमध्ये ठेवावे. कृती संपली. केळ्याऐवजी बिया काढलेले कलिंगड किंवा पपई, उकडलेला लाल भोपळा, किंवा निव्वळ पाण्यात उकडलेल्या कोंबडीचे हाडे आणि चरबी काढलेले पाणीही चालते. एवढ्या छोट्या कृतीसाठी एवढे मोठे मार्गदर्शन का, असे वाटणाऱ्याने आतापर्यंत हातात काय काय घेतले आणि ठेवले, याचा हिशेब करावा.

त्यागाचीही किंमत असते, आणि ती साच्यात वसूल होते. माणसाची कुल्फी मऊ राहते ती साखर आणि स्निग्धांशामुळे; साखरेने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि बर्फाचे मोठे स्फटिक होत नाहीत. दोन्ही वगळल्यावर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधून जे निघते ते खाद्यपदार्थापेक्षा बांधकाम साहित्याला जवळचे असते. कुत्रे चाटायचे सोडून चावायला गेले तर वरच्या जबड्यातली मोठी दाढ तडकते, आणि दात दुखतो हे त्याला सांगता येत नाही. यावर उपाय म्हणून साखर परत आणू नये. थर पातळ ठेवावा, अर्धवट गोठल्यावर काढावा, किंवा पुरता गोठलाच तर नखाने ओरखडा उठेपर्यंत बाहेर ठेवावा. साच्यात काडी खोचू नये. काडी ही धरणाऱ्याची सोय आहे आणि कुत्रे धरत नाही. ते गिळते, आणि मग ती काडी शस्त्रक्रियेने बाहेर काढावी लागते.

आता विजेचा आक्षेप. फ्रीझर चालायला वीज हवी. साक्री तालुका त्या बाबतीत दरिद्री नाही: ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात आणि शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प २०१३ पासून उभा आहे. पण वीज तालुक्यात तयार होणे आणि आपल्या फ्रीजमध्ये असणे या दोन स्वतंत्र घटना आहेत, हे भर उन्हाळ्यात कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. लाइट गेल्यावर वितळलेली दह्याची किंवा कोंबडीच्या पाण्याची कुल्फी पुन्हा गोठवू नये. गोठवण्याने जंतू मरत नाहीत, ते फक्त थांबतात. वितळलेली कुल्फी तशीच, पातळ, लगेच कुत्र्यापुढे ठेवावी. ते तक्रार करणार नाही. आणि इथेच विचारी साधकाच्या मनात एक भयंकर शंका डोकावते: मग गोठवलीच कशाला?

शंका टाळू नये, हिशेब करावा. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा २० ग्रॅमचा बर्फाचा खडा पोटात जाऊन वितळताना आणि कोमट होताना साधारण अडीच किलोकॅलरी उष्णता शोषतो. १५ किलोच्या कुत्र्याचे तापमान त्याने फार तर ०.२ अंशाने उतरेल. तेच २० ग्रॅम पाणी धापेबरोबर जिभेवरून आणि श्वासनलिकेतून वाफ होऊन उडाले, तर साडेअकरा किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते, म्हणजे चौपटीहून जास्त. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजाच्या गाद्यांना. बाकीचे काम त्याची जीभ करते, आणि ती पाझरणाऱ्या माठासारखी चालते. खानदेशची कोरडी हवा या कामाला अनुकूल आहे, पण माठात पाणी असेल तरच. कुल्फीतला गुणकारी घटक पाणी आहे. गारवा हा तिचा पोशाख. निष्कर्ष टाळता येत नाही: वगळण्याच्या यादीत शेवटचे नाव बर्फाचे लागते. आणि कुत्रे उन्हाने धापा टाकत कोसळलेच, तर तोंडाजवळ कुल्फी धरून बसू नये. अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

सर्वांत गंभीर आक्षेप याच जागी उभा राहतो. माळमाथ्यावर उन्हाळ्यात माणसांनाच पाण्यासाठी ओढाताण, आणि तुम्ही कुत्र्याच्या कुल्फीवर बोलता? हे बोलणे हसण्यावारी नेण्याचे नाही. पण वरच्या हिशेबाने उत्तरही सोपे केले आहे. श्वानकुल्फीला जे मोठी वाटीभर पाणी लागते, ते कुत्रे एरवीही पिणारच असते. ते आपण दिले नाही तर गटारातून पिते. चैन असेल तर ती अर्ध्या केळ्याची आणि फ्रीझरच्या कोपऱ्याची आहे. त्या बदल्यात दुपारभर साखळीला बांधलेल्या कुत्र्याला चाटत बसायला काम मिळते, आणि साध्या पाण्याला तोंड न लावणारे म्हातारे कुत्रेही चवीच्या निमित्ताने चार घोट घेते. एवढ्यासाठी कुल्फी करावी. ज्याला जमत नाही त्याने सावलीत पाण्याचे भांडे भरून ठेवावे, आणि कुल्फीवाल्यांपुढे मान खाली घालू नये. चारपंचमांश पुण्य त्याच्या खात्यावर आधीच जमा आहे. गल्लीतल्या कुत्र्यांना द्यायचे असेल, तर २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम पाहावेत: खाऊ घालण्याची जागा जिने, दरवाजे आणि मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणांपासून दूर हवी. दुसऱ्याच्या ओट्यावर वाटी ठेवून केलेली भूतदया शेजारधर्मात बसत नाही, आणि रेबीजची लस हा कोणत्याही खाऊपेक्षा आधीचा हप्ता आहे.

शेवटी परीक्षा. वाढण्यापूर्वी कुल्फीचा एक चमचा घरातल्या प्रत्येकाला चाखायला द्यावा, विशेषतः जेवताना शेजारी ठेचा लागणाऱ्यांना. कोणी ‘बरी आहे’ म्हटले तर कुठेतरी मीठ, साखर किंवा माया जास्त पडली आहे. तो घाणा माणसांनी खाऊन टाकावा आणि कुत्र्यासाठी नवा लावावा. सगळ्यांनी एकमुखाने ‘यात तर काहीच नाही’ म्हटले, की वाटी निःशंकपणे कुत्र्यापुढे ठेवावी.