कल्याणच्या सोनाराचे वारस

डोंबिवली पूर्वेला सोसायटी म्हटली की तिच्यात एक लेणीकाका असतातच. बँकेतून नाहीतर रेल्वेतून निवृत्त, डोक्यावर कापडी टोपी, खांद्याला शबनम. शबनममध्ये बॅटरी, होकायंत्र आणि आलेपाकाच्या वड्या. होकायंत्र कशाला, हे कुणी विचारत नाही. आमचे काका तर वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी जातात: कान्हेरीच्या लेण्यांना.

त्यांना विचाराल तर कान्हेरी बोरिवलीत आहे, हा निव्वळ हद्दीचा घोळ. “मूळची ती आपल्याकडची.” पुरावा? तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. सामिदत नावाच्या कल्याणच्या सोनाराने पाण्याचं टाकं दिलं, तिथल्याच नंद लोहाराने वाट करून दिली. हे दोघे काकांच्या बोलण्यात इतके येतात की नव्या शेजाऱ्यांना ते काकांचे चुलते वाटतात. काकूंचं मत वेगळं. “त्या सोनाराचं टाकं दोन हजार वर्षं टिकलं. आमच्या मोरीतला नळ दिवाळीपासून गळतोय.”

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने कोरियातले फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. सोराकसान नावाचं डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान आणि त्यात सिन्हुंगसा हे बौद्ध मंदिर, मूळ स्थापना 652 सालची. सगळ्यांनी अंगठे उंचावले. काकांनी लिहिलं, “छान. डोंगर, राष्ट्रीय उद्यान आणि आत बौद्ध विहार, हे सगळं आपल्याकडे दादरला गाडी बदलून मिळतं. आणि 652 साली आपलं कान्हेरी चांगलं पाचएकशे वर्षांचं होतं. रविवारी निघू. सोमवारी बंद असतं.”

मग रविवारी पहाटे इंडिकेटरखाली हजेरी. गाडी स्लोच, आणि तीही डोंबिवलीहून सुटणारी, कारण “इतिहासाला उभ्याने जायचं नसतं.” दादरचा पूल, पश्चिम रेल्वे, बोरिवली, उद्यानाचं फाटक, आतली बस. पुऱ्या-बटाट्याच्या डब्याला फाटकापासूनच दोन्ही हातांनी कवटाळायचं, हा काकांचा नियम. कान्हेरीच्या माकडांना शबनम कळते.

वर पोचलं की काका बदलतात. शंभराहून जास्त लेण्यांपैकी मोजकीच दाखवतात, पण प्रत्येक ठिकाणी घरमालकाच्या थाटात. “हा बघा भिक्खूचा ब्लॉक. दगडी ओटा, पुढे व्हरांडा, बसायला बाक, आणि अंगणात स्वतंत्र टाकं. ट्वेंटी फोर अवर वॉटर! डोंबिवलीत कोणता बिल्डर देतो?” यावर टँकरच्या रांगेत उभे राहिलेले आम्ही सगळे गंभीरपणे माना डोलावतो. अकरा नंबरचं दरबार लेणं म्हणजे दोन लांबच लांब ठेंगणे दगडी बाक. तिथे टेकल्यावर आमच्या सेक्रेटरींनी गच्चीच्या लिकेजचा विषय काढला. काकांनी फक्त बॅटरीचा झोत त्यांच्या तोंडावर मारला.

ब्राह्मी लिपी ते रविवारच्या वर्गात शिकले आहेत. सगळी येत नाही, पण ‘क’ येतो, आणि ब्राह्मीतला ‘क’ असतो अधिकच्या चिन्हासारखा. भिंतीवर कुठेही अधिक दिसलं की काका थबकतात. “कल्याण असणार.” दहापैकी नऊ वेळा नसतं. तरीही प्रत्येक भिंतीपाशी त्यांचा चेहरा नव्याने उजळतो, याचं मला अजून नवल वाटतं.

तीन नंबरच्या चैत्यगृहात मात्र एकदा वेगळंच झालं. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना वीसेक फुटांहून उंच उभे बुद्ध. त्यांच्याखाली काका खड्या आवाजात सांगत होते, “तज्ज्ञ म्हणतात, ही कार्ल्याची नक्कल आहे. असेल! पण आपल्या लोकांच्या पैशाची आहे.” आतून पांढरं लुगडं नेसलेल्या एक आजी बाहेर आल्या. “बाबा, जरा हळू. वंदना चाललीय.”

काका गप्प. टोपी काढली, बूट काढले, आत गेले आणि स्तूपासमोर बसलेल्या त्या कुटुंबामागे खांबाला न टेकता शेवटपर्यंत हात जोडून उभे राहिले. वंदना संपल्यावर आजींना दबक्या आवाजात विचारलं, “कुठून आलात?”

“कल्याणहून. कोळसेवाडी.”

पुढचा अर्धा तास आमच्यापैकी कुणालाही काका भेटले नाहीत. आजींना सोनाराचं टाकं, लोहाराची वाट, ‘क’ कसा ओळखायचा, सगळं सांगून झालं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आम्ही तर दर बुद्धपौर्णिमेला येतो. तुम्ही येत जा की.” म्हणजे मालकी कुणाची, हे ठरलंच. काकांना त्याचा केवढा आनंद! आलेपाकाची अख्खी पुडी त्यांनी आजींच्या नातवाला देऊन टाकली. आम्हाला कधी अर्ध्या वडीच्या वर मिळालेली नाही.

परतीच्या गाडीत कुणीतरी विषय काढला, की याच उद्यानाच्या डोंगराखालून ठाणे ते बोरिवली 11.8 किलोमीटरचा जुळ्या बोगद्याचा रस्ता होतोय. मग दादरचा वळसा कशाला? काका मुलुंडपर्यंत विचारात. मग म्हणाले, “नंद लोहाराने वाट दिली, तिथे त्याचं नाव कोरलं. बोगद्यावर कुणाचं कोरतील?”

“कुणाचं का कोरेनात,” काकू पिशव्या आवरत म्हणाल्या, “तुम्ही आधी दाराशी व्हा. गाडी कल्याणची आहे, आणि तुमचा सोनार काही स्टेशनवर घ्यायला यायचा नाही.”