एका अक्षराची जात पडताळणी

विलायतेत आलेल्या मराठी माणसाला पाऊस, कौन्सिल टॅक्स आणि कोथिंबिरीचा भाव यांची हळूहळू सवय होते. इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराची मात्र होत नाही. शाळेत दिन आणि दीन यांच्यासाठी ज्यांनी मार खाल्ला, त्यांनाच इथे पुन्हा पहिलीत बसावं लागतं. स्लाव आणि हॅरो इथल्या होतकरूंसाठी पुढील पायऱ्या.

पायरी १ : 'करणे'ला रजा द्या.
आपण इंग्रजी शब्द उचलतो आणि त्याच्या मागे 'करणे' जोडतो. 'प्रॅक्टिस करतो.' शब्द नाम होऊन खुर्चीत बसून राहतो, राबतं ते 'करणे'. इंग्रजाकडे हा गडी नाही. त्यामुळे त्याचा शब्द कधी नाम असतो, तर कधी स्वतःच क्रियापद होऊन कामाला लागतो. वर देवनागरीत दोन्ही रूपं सारखीच दिसतात. तेव्हा लिपीवर विसंबू नये.

पायरी २ : जात पडताळणी करा.
संशयित शब्दाच्या जागी 'सल्ला' बसवून पाहा. सल्ला म्हणजे ॲडव्हाइस, शेवटाकडे सी. सल्ला देणं म्हणजे ॲडव्हाइज, शेवटाकडे एस, उच्चार 'आवाज'मधल्या ज सारखा. इथे कान सांगतो. प्रॅक्टिस आणि लायसन्स यांच्याबाबत कान बहिरा, पण नियम तोच. म्हणून डॉक्टरची प्रॅक्टिस सीने, तबल्यावर हात बसवायचा तर एसने. स्वान्सीहून पोस्टाने येणारं ड्रायव्हिंग लायसन्स सीने, पण पबच्या दारावरचं 'लायसन्स्ड' एसने, कारण त्याला कुणीतरी परवाना *दिलेला* असतो.
(अमेरिकेतल्या भाच्याला विचारू नये. तिकडे प्रॅक्टिसला कायमचा सी, लायसन्सला कायमचा एस, जात कुठलीही असो.)

पायरी ३ : खानदान तपासा.
वह्या-पेनांची स्टेशनरी ई घेते, जागची न हलणारी 'स्टेशनरी' गाडी ए घेते. दोघी चुलत बहिणी. फेरीवाल्यासारखा न भटकता एका जागी दुकान मांडणारा पुस्तकविक्रेता, तो स्टेशनर. लंडनच्या अशा मंडळींच्या संघाला १५५७ साली राजसनद मिळाली. लक्षात ठेवायला सोपं: एन्व्हलपचा ई, तोच वहीचा ई.

पायरी ४ : डिपेंडंट.
ही परीक्षा घरीच द्यावी. ब्रिटिश लेखनात शेवटच्या भागात ए असेल तर नाम: अवलंबून असलेली व्यक्ती. ई असेल तर विशेषण: अवलंबून असलेला, असलेली. व्हिसाच्या अर्जात नवरा मुख्य अर्जदार आणि बायको ए-वाली. अर्ज भरायला दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आहेत.

"अगं, माझा पासपोर्ट?"
"डाव्या कपाटात, विम्याच्या फायलीखाली."
"लग्नाचा दाखला?"
"तुझ्या हाताखाली."
"बरं, आपलं लग्न किती तारखेला झालं?"

नाम कुणाचं, हे सरकारने लिहून दिलेलं आहे. विशेषण कुणाला लावायचं, हे विद्यार्थ्यांनी चहा होईपर्यंत ठरवावं. चहाही तीच करते आहे.