दप्तरी दाखल

संयुक्त अरब अमिरातींत जेथे जेथे चार मराठी बिऱ्हाडे एका इमारतीत येऊन राहतात, तेथे तेथे त्यांच्यांत एक दप्तरदार निघतोच. हा गृहस्थ बहुधा पन्नाशी उलटलेला, एखाद्या कंत्राटदार कंपनीत हिशेबनीस किंवा भांडारपाल, आणि घर शारजाच्या अल नहदा भागात तर नोकरी दुबईत असा द्विस्थळी संसार वर्षानुवर्षे ओढीत आलेला असतो. त्याचे आडनाव कुळकर्णी असो की मोरे, ‘कागद कोठे आहे?’ हा प्रश्न निघताच साऱ्या इमारतीची दृष्टी त्याच्या दाराकडे वळते, आणि तोही चष्मा पुसत, ही वेळ कधी तरी येणारच होती अशा मुद्रेने, संगणकासमोर स्थानापन्न होतो.

आलेल्या मेलला सामान्य मनुष्य एक तर उत्तर देतो, नाही तर तो पुसून टाकतो, नाही तर तसाच पडू देतो. दप्तरदारांना यांपैकी एकही मार्ग संमत नाही. उत्तर दिले की माणूस शब्दांत सापडतो. पुसून टाकला की पुरावा जातो. आणि पडू दिला तर इनबॉक्स अस्ताव्यस्त दिसतो, जे त्यांच्या मते केवळ गैरसोयीचे नसून चारित्र्याचे वैगुण्य होय. म्हणून आलेला प्रत्येक मेल वाचताक्षणी, आणि प्रसंगी वाचण्यापूर्वीच, आर्काइव्ह करण्याचा, म्हणजे जुन्या कचेऱ्यांच्या शिरस्त्याप्रमाणे दप्तरी दाखल करण्याचा मार्ग त्यांनी पत्करला आहे. परिणामी त्यांचा इनबॉक्स सदैव कोरा असतो, आणि घरी आलेल्या पाहुण्यास चहाच्या आधी त्याचे दर्शन घडविले जाते.

या कोऱ्या पानाआड मात्र अफाट संचय आहे. २००४ साली एप्रिलच्या पहिल्या तारखेस गूगलने एक गिगाबाइट जागेची टपालसेवा जाहीर केली, तेव्हा पुष्कळांना ती थट्टा वाटली; दप्तरदारांना ती आपल्याच नावे निघालेली सनद वाटली. २००६ साली साप्ताहिक सुटी गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार झाली त्या वेळचे परिपत्रक, आणि २०२२ साली ती शनिवार-रविवारवर आली त्या वेळचेही, त्यांच्या संग्रही आहे. दुबईत सालिकचा टोल सुरू झाला त्या वर्षीची सूचना आहे, उतरवून ठेवलेल्या एसीच्या दुरुस्तीची दरपत्रके आहेत, आणि ‘आपला पासवर्ड सात दिवसांत संपुष्टात येत आहे’ असे बजावणारे इशारे, ते पासवर्ड मृत होऊन तपे लोटली तरी, यथास्थित जतन केलेले आहेत. या सर्वांवर त्यांनी लेबले चढविली आहेत: ‘व्हिसा’, ‘व्हिसा जुना’, ‘व्हिसा जुना दोन’, ‘घरमालक’, ‘घरमालक तंटा’ आणि ‘इतर’. या शेवटच्या लेबलाखाली बाकीच्या सर्वांहून अधिक मजकूर आहे, हे ते सहसा सांगत नाहीत.

हा स्वभाव त्यांनी मातृभूमीहून आणला असे कोणी समजू नये. तो या वाळूत रुजला. गावाकडे सातबारा तलाठ्याकडे असतो, जन्माची नोंद नगरपालिकेत असते, आणि काहीच न सापडले तरी ‘हा अमक्याचा मुलगा’ असे सांगणारे एखादे वयोवृद्ध गृहस्थ पारावर असतात. येथे पिढ्यान्‌पिढ्या टपाल दारी आले नाही, ते कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये पडले. पदवीच्या कागदावर मुंबईचा शिक्का, दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि अमिरातींच्या वकिलातीचा शिक्का असा त्रिवार संस्कार झाल्यावाचून ती पदवी येथे ग्राह्य मानली जात नाही. भाड्यापोटी पुढील तारखांचे धनादेश आगाऊ द्यावे लागतात. आणि ज्या व्हिसावर हा सारा डोलारा उभा, तो नोकरीशी बांधलेला असून दर दोन वर्षांनी नूतनीकरणास पात्र ठरतो. ज्या देशात माणसाचे वास्तव्य असे हप्त्याहप्त्याने मंजूर होते, तेथे त्याचा एकमेव अखंड पत्ता ई-मेलचाच उरतो. आणि आपण येथे खरोखर होतो याची खातरजमा करून घ्यावयाची झाल्यास तो बापडा दुसरीकडे कोठे पाहणार?

दप्तरदारांना या बाबतीत पूर्वजांचा आधारही आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमाल हजारांनी रचलेले होते आणि त्यांतून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले, ही हकीकत ते प्रत्येक गणेशोत्सवात किमान एकदा ऐकवितात. कागद टिकले म्हणून इतिहास टिकला, हा त्यांचा सिद्धांत बिनतोड आहे. फक्त रुमाल बांधणारा एक आणि रुमाल सोडून वाचणारा दुसरा असतो, व दुसऱ्याचे काम शतपट कष्टाचे असते, हा त्या हकीकतीचा उत्तरार्ध त्यांच्या कथनात येत नाही.

तथापि त्यांची विद्या पोकळ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. परवाच तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण घामाघूम होऊन आला. फ्लॅट सोडावयाचा होता, आणि डिपॉझिट परत हवे तर पावती दाखवा, असे घरमालकाच्या माणसाने फर्मावले होते.

“काका, मेल डिलीट झाला बहुतेक. फोनवर नुसतं बोट फिरलं आणि गेला.”

“गेला नाही रे. दप्तरी दाखल झाला,” दप्तरदार वदले. “फोनवर बोट सरकवलं की जीमेल मुळात आर्काइव्हच करतं. ऑल मेलमध्ये बघ.”

मग त्यांनी त्यास समग्र व्यवहार समजाविला. आर्काइव्ह केलेल्या मेलवरची इनबॉक्सची खूण तेवढी निघते, मेल खात्यातच राहतो, आणि त्यास कोणी उत्तर धाडले तर तो संपूर्ण संवादासह इनबॉक्सात पुनश्च रुजू होतो. पुसून टाकलेला मात्र ट्रॅशमध्ये ३० दिवस तिष्ठतो व नंतर कायमचा जातो. आणि साधा शोध ट्रॅश व स्पॅम या दोन कोठड्यांत डोकावत नाही, त्यासाठी ‘इन’ लिहून अपूर्णविराम द्यावा आणि पुढे ‘एनीव्हेअर’ लिहावे. नुसते ‘डिपॉझिट’ शोधताच बँकांच्या मुदत ठेवींच्या जाहिरातींचा पूर लोटला. दप्तरदार विचलित झाले नाहीत. पाठविणाऱ्याचे नाव घातले, ‘हॅज’ आणि अपूर्णविरामापुढे ‘अटॅचमेंट’ घातले, ‘बिफोर’ घालून वर्ष बांधून टाकले, आणि पावती निघाली. निघाली ती ‘आरई: आरई: एसी रिपेअर’ या विषयाखाली, कारण आखातात नवा विषय लिहून नवा मेल धाडण्याची वहिवाट नाही, हाताशी असेल त्या जुन्या मेललाच उत्तर म्हणून लोक सर्व काही जोडतात. त्या तरुणाने एकही लेबल कधी लावले नव्हते, ही गोष्ट दप्तरदारांच्या ध्यानी आली की नाही, कोण जाणे. त्यांच्या स्वतःच्या डिपॉझिटची पावती ‘घरमालक’ आणि ‘घरमालक तंटा’ यांच्या सरहद्दीवर अद्याप बेपत्ता आहे.

खरे अरिष्ट कोसळले ते जागा संपल्याची सूचना आली तेव्हा. “इनबॉक्स कोरा आहे, मग भरलं काय?” अशी त्यांची कैफियत होती. दप्तरी दाखल केल्याने जागा रतीभरही वाचत नाही, आणि फुकटचे १५ गिगाबाइट मेल, ड्राइव्ह व फोटो या तिघांत सामाईक असतात, हे त्यांना मुलीने समजाविले. ‘लार्जर’, अपूर्णविराम, ‘१० एम’ असा शोध घेताच मोठमोठे ऐवज बाहेर आले: गणेशोत्सवातील नाट्यप्रवेशांची चित्रे, आरतीच्या चित्रफिती, आणि हे सर्व त्यांनी स्वतःच इतरांस धाडलेले. ते पुसून टाकताना त्यांनी प्रत्येकाची परवानगी घेतल्यासारखा विराम घेतला, आणि ट्रॅश रिकामा केल्यावाचून जागा मोकळी होत नाही हे कळताच तो दिवस त्यांनी जेवणावाचून काढला.

एका विषयात मात्र हा मनुष्य अनुभवाने शहाणा झालेला आहे. पूर्वीच्या एका नोकरीत आउटलुकने त्यांचे जुने मेल लॅपटॉपमधल्या पीएसटी फायलीत हलविले होते. नोकरी सुटली त्या दिवशी लॅपटॉप जमा झाला, खाते सायंकाळी बंद झाले, आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब निघाला तेव्हा पगारवाढीचे पत्र दाखविता येईना. पहिल्या पाच वर्षांस वर्षाकाठी २१ दिवसांचे आणि पुढे ३० दिवसांचे मूळ वेतन, हा कायदा सर्वांस तोंडपाठ असतो. परंतु मूळ वेतन किती, हे सांगणारा कागद कंपनीच्या खात्यात अडकला असेल तर पाठांतराचा उपयोग काय? तेव्हापासून नियुक्तिपत्र, वाढीची पत्रे आणि वेतनपावत्या मिळताच स्वतःच्या खात्यात ठेवा, असा उपदेश ते नवागतांस विमानतळावरून घरी आणतानाच करतात, आणि तो शंभर नंबरी आहे.

वहिनींनी मात्र एकदा वर्मावर बोट ठेवले. “अहो, तुमच्या मागं हे सगळं आम्हाला कोण उघडून देणार?” दप्तरदारांनी “बघतो” म्हटले. गूगल दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकू शकते, आणि इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाच्या सोयीत आपल्या पश्चात कोणास कळवावे व काय सोपवावे यासाठी दहा माणसांपर्यंत नावे देता येतात, असा मेलही त्यांना आला होता. तो त्यांनी वाचला आणि शिरस्त्याप्रमाणे दप्तरी दाखल केला. वाचकांपैकी जे कोणी दप्तरदार असतील, त्यांनी हा लेख जतन करण्यापूर्वी तेवढे एक नाव तरी भरून टाकावे, आणि ते भरल्याचे घरात सांगून ठेवावे.